चाकातली हवा

शेतीच्या कामातल्या चाकात हवा आली त्याला अजून शंभर वर्षं झालेली नाहीत. आमच्या वडिलांची हयात बहुतेक बिनहवेच्या चाकावर गेली. मी दोन्ही चाकं वापरली. नातवाला बिनहवेचं चाक खेळण्यातल्या गाडीचं तेवढं माहीत आहे. बैलगाडी, मोट, औत यांच्यावर पुष्कळ लोकांनी लिहिलेलं आहे, पण चाकातल्या हवेवर कोणी लिहिल्याचं माझ्या वाचण्यात नाही. आणि हवा म्हटलं की ती जाणार, हे आलंच. एकदम गेली तर सगळ्यांना कळतं. मुंगीच्या पावलानं जाते तिची गोष्ट वेगळी आहे, आणि मला सांगायची आहे ती तीच.

आधी जुन्या चाकाचं थोडं सांगतो. आमच्याकडं चाक बाभळीचं. मध्ये तुंबा, त्यात आरे, वरून लाकडाचा घेर आणि त्या घेरावर लोखंडाची धाव. लाकडाचं काम सुताराचं, धाव बसवायचं काम लोहाराचं. धाव चाकापेक्षा मुद्दाम जराशी लहान करायची. जमिनीवर गोवऱ्यांचं रिंगण लावून त्यात ती लालबुंद तापवायची म्हणजे ती फुगते. मग तिघा-चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि लगेच वरून पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा, लाकूड करकरायचं, धाव आवळायची. गावातली सगळी पोरं तिथं जमायची.

या चाकाचंही एक दुखणं होतंच. वैशाखात लाकूड सुकायचं, आकसायचं आणि धाव ढिली पडायची. गाडी चालताना चाक खुळखुळायला लागायचं. मग रात्रभर चाक ओढ्यात नाहीतर कालव्याच्या चारीत बुडवून ठेवायचं. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. अगदीच ढिली असली तर पाचर मारायची. म्हणजे चाक पाण्यात घालणं आमच्या लोकांना नवीन नव्हतं. पुढं ट्यूबही पाण्यातच घालायची वेळ आली, एवढाच फरक.

लोखंडी धावेचा मोठा दोष रस्त्याला भोगावा लागायचा. पावसाळ्यात गाडीवाटेला दोन चाकोऱ्या पडायच्या त्या इतक्या खोल, की गाडीचा आख मधल्या उंचवट्याला घासायचा. मुरमाच्या रस्त्याची तर धाव अक्षरशः कणीक करायची. आणि दणके सगळे बैलाच्या मानेला.

आता हवेच्या चाकाची कूळकथा. डनलॉप हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्या आधी एक जण होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं १८४५ सालीच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, वरून चामड्याचं आवरण. घोडागाडीला लावून त्यानं ते चालवूनही दाखवलं. पण त्या काळात तसलं रबर स्वस्त नव्हतं आणि सायकली नव्हत्या. लोक विसरून गेले. त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षांनी जॉन बॉइड डनलॉप यानं आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात आपल्या पोराच्या तीनचाकी सायकलीला हवेची नळी बसवली आणि १८८८ साली पेटंट घेतलं. थॉमसनचं जुनं पेटंट उघडकीला आल्यावर डनलॉपचं रद्द झालं, पण नाव त्याचंच राहिलं. हा डनलॉप जनावरांचा डॉक्टर होता. हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं. जनावराच्या दुखण्याशी ज्याचा रोजचा संबंध, त्याच्या हातून दणका कमी करणारं चाक घडलं. त्यानं ते बैलासाठी केलं नव्हतं, पण फिरत फिरत बैलापर्यंत आलं.

डनलॉपचं पहिलं टायर रिमला चिकटवलेलं असायचं. पंक्चर झालं की सोडवायला तासन्‌तास, आणि पुन्हा चिकटवून वाळायला रात्र. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात असा एक सायकलवाला पंक्चर चाक घेऊन आला. त्याचं काम करताना त्यांचा इतका वेळ गेला, की टायर सहज काढता-घालता आलंच पाहिजे असं त्यांनी मनावर घेतलं. १८९१ साली तसं टायर त्यांनी बाजारात आणलं. आज रस्त्याकडेचा पोरगा दहा मिनिटांत टायर उतरवतो, त्याचं मूळ तिथं आहे. म्हणजे निम्मा शोध हवा भरण्याचा आणि निम्मा पंक्चर काढण्याचा, असं माझं मत आहे.

हिंदुस्थानात बंगालमधल्या साहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६ साली सुरू झाला. उत्तरेकडं रबरी चाकाच्या गाडीला आजही काही ठिकाणी नुसतं ‘डनलप’ म्हणतात. आमच्याकडं टायरगाडी. मद्रासकडं १९४६ साली मॅम्मेन माप्पिल्लै यांनी पोरांचे फुगे करायचा धंदा सुरू केला आणि तोच पुढं एमआरएफ झाला. फुगा काय नि ट्यूब काय, हवा कोंडायचाच उद्योग.

पण गावात पहिली हवा आली ती सायकलीतून. आमच्या गावच्या स्टँडवर चाचांचं सायकलचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, समोर अर्ध्या पिंपात पाणी. सायकल तासानं भाड्यानं मिळायची. तालुक्याला जायचं तर सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा लागायचा. डबलसीट दिसलं की पोलीस हवा सोडून द्यायचे. हवा सोडणं ही शिक्षा असू शकते हे आम्हाला तेव्हाच कळलं.

जुन्या सायकलच्या वालमध्ये एक गंमत होती. पितळेची बारीक नळी, तिच्या कडेला भोक आणि त्या भोकावर चढवलेली बारीक रबरी नळी, तिला वालट्यूब म्हणायचे. पंपाची हवा रबर उचलून आत जायची, आणि आतली हवा रबर दाबून स्वतःचीच वाट बंद करायची. उन्हानं ते रबर चिरलं, की हवा रात्रीतून जायची. सकाळी चाक बसलेलं. नवशिका माणूस लगेच पंक्चर म्हणायचा. चाचा आधी बोटानं वालच्या तोंडावर थुंकी लावायचे. थुंकीचा बुडबुडा फुगला की म्हणायचे, “पंचर नाय बाळा, वालट्यूब गेली.” दोन बोटं लांब नळीचा तुकडा, दोन मिनिटांचं काम. पुष्कळ दुकानदार त्याचेही पंक्चरचे पैसे घ्यायचे. चाचा घेत नसत.

मोटारीच्या आणि आताच्या मोटारसायकलीच्या वालला श्राडर वाल म्हणतात. ऑगस्ट श्राडर नावाच्या माणसानं १८९३ साली त्याचं पेटंट घेतलं. आत स्प्रिंगवर चालणारी पिन असते. तीत मातीचा एक कण अडकला तरी हवा झिरपते. वरचं टोपण लोक हरवतात आणि म्हणतात, त्यात काय आहे? तेच टोपण माती आत जाऊ देत नाही. हळू हवा जाते म्हटल्यावर ट्यूब उतरवायच्या आधी साबणाचं पाणी वालवर लावून बघावं, पिन घट्ट करून बघावी. निम्म्या तक्रारी तिथंच संपतात.

न संपल्या तर मात्र खरं काम सुरू होतं. आणि हे काम मी चाचांकडं तासन्‌तास बसून पाहिलेलं आहे. टायर उतरवण्याआधी ते खडूनं टायरवर वालसमोर एक खूण करायचे. का, ते नंतर कळलं. ट्यूब बाहेर काढून नेहमीपेक्षा जास्त फुगवायची, म्हणजे बारीक भोक ताणून उघडतं. मग पिंपात वीत वीत बुडवायची. मोठं भोक भसाभसा बुडबुडे सोडतं, ते आंधळ्यालाही सापडेल. हळू जाणारी हवा एकच बुडबुडा सोडते, मोहरीएवढा, आणि तो वर न येता रबराला चिकटून बसतो. साधे चिकटलेले बुडबुडेही तसेच दिसतात. म्हणून चाचा पाण्यातच ट्यूबवरून हात फिरवून सगळे बुडबुडे पुसायचे आणि थांबायचे. बिडी ओढायचे. पुसलेल्या जागी पुन्हा उगवला तो खरा. तिथं लगेच आगकाडीचं टोक खोचायचं, नाहीतर पाणी निथळल्यावर जागा हरवते.

मग वालपासून ती जागा किती वितीवर आहे ते मोजायचं आणि टायरवर खडूच्या खुणेपासून दोन्ही बाजूंना तितक्याच वितीवर शोधायचं. काटा तिथं असतोच. हे न करता नुसती ट्यूब चिकटवून देणारे पुष्कळ. काटा टायरमध्ये तसाच, दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर. टायरच्या आतून चाचा जुन्या बनियनची चिंधी फिरवायचे. बोटाला न लागणारं टोक चिंधीला अडकतं, आणि बोट वाचतं ते वेगळंच.

काट्यानं हवा हळू का जाते? काटा मोडून तिथंच राहतो आणि स्वतःच भोकाचं बूच होतो. आमच्याकडं वेडी बाभूळ माजली तेव्हापासून हे फार. तिचा काटा टणक, टायरमध्ये शिरून मोडला तर बाहेरून दिसतही नाही. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमकडच्या बाजूला निघालं तर काटा शोधू नये. तिथं तारेचं टोक वर आलेलं असतं नाहीतर रिमला गंज चढलेला असतो. आणि शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, दिसली तर चाक कमी हवेवर दगडावरून गेलं आणि ट्यूब रिममध्ये चिमटली असं समजावं.

चिकटवायचं काम तर सगळ्यांना येतं असं वाटतं. डबीवर सोल्युशन लिहिलेलं असायचं, आम्ही सगळे सुलेशन म्हणायचो. कानशीनं जागा खरवडायची, सुलेशन लावायचं आणि वाळू द्यायचं. वाळू द्यायचं, हीच गोष्ट होत नाही. ओल्यावर ठिगळ चिकटवलं की वरून बरं दिसतं, पण महिन्याभरात कड उचलते आणि तिथून हवा झिरपायला लागते. हे ठिगळाखालचं झिरपणं सगळ्यात वाईट, कारण पंक्चर काढलेलंच आहे म्हणून तिकडं कोणी बघतच नाही. मोठ्या ट्यूबला मग पक्कं पंक्चर. त्याला जुन्या इंजिनाचा पिस्टन वापरायचे. भोकावर कच्चं रबर ठेवायचं, वर पिस्टन आवळायचा, पिस्टनच्या वाटीत थोडं पेट्रोल ओतून पेटवायचं. त्या उष्णतेनं कच्चं रबर ट्यूबमध्ये मुरून एकजीव होतं. रबर गंधकाबरोबर तापवलं की टिकाऊ होतं, ही अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरची युक्ती. त्याचं पेटंट १८४४ चं. रस्त्याच्या कडेला तीच युक्ती पिस्टनवर चालायची.

आता टायरगाडीकडं येतो.

आमचा भाग प्रवरेच्या कालव्याखालचा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि ऊस वाढत गेला. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मग त्याचं बघून जिल्ह्यात, राज्यात एकामागून एक कारखाने निघाले. ऊस तोडल्यावर थांबत नाही. दिवसागणिक वजन घटतं, उतारा घटतो. म्हणून फडातून गव्हाणीपर्यंत लवकर पोचवणं हा सगळा खेळ. लाकडी चाकाच्या गाडीत टन-सव्वा टन ऊस बसायचा. रबरी चाकाच्या गाडीत दोन, अडीच टनही भरायचे. बैल तेच, दोन.

ही गोष्ट नीट समजून घ्यावी. रबरी चाक हलकं चालतं म्हणून बैलाचा त्रास कमी होईल असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं. डांबरी रस्त्यावर रिकामी टायरगाडी एक माणूस ढकलतो. पण जो हलकेपणा मिळाला तो बैलाच्या वाट्याला आला नाही. तो जास्तीच्या मोळ्यांनी भरून काढला. उतारावर तर उलटच. लोखंडी धाव रस्त्याला धरून चालायची, रबरी गाडी मागून बैलांवर लोटायची.

ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बीड, पाथर्डीकडून दसरा-दिवाळीनंतर यायच्या, अजूनही येतात. त्यांच्यात तीन प्रकार. स्वतःची बैलगाडी घेऊन येतात ते गाडी सेंटर, स्वतःचे बैल पण कारखान्याची टायरगाडी भाड्यानं घेतात ते टायर सेंटर, आणि डोक्यावर मोळ्या वाहून ट्रकमध्ये भरतात ते डोकी सेंटर. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, ती हंगामभर तोडून फेडायची.

१९९३-९४ च्या हंगामात आमच्या फडात टायर सेंटरचा एक कोयता होता. पाटोद्याकडचे दोघं, तिशीच्या आतले, कोपीत दोन लहान पोरं. कारखान्याचं नाव इथं सांगत नाही, आमच्याच भागातला एक. त्यांना मिळालेल्या गाडीच्या डाव्या चाकाची हवा रात्रीतून जायची. संध्याकाळी रिकामी गाडी कोपीसमोर सोडताना चाक टणक, पहाटे तीनला बैल जुंपायच्या वेळी अंगठा दाबला तर आत जाई. कधी जास्त, कधी कमी. तेवढ्या मोठ्या चाकाला पायपंपानं हवा भरणं म्हणजे काय, हे ज्यानं भरली त्यालाच माहीत. तो बैलांना वैरण-पाणी बघायचा आणि ती बाई अंधारात पंप मारायची. पंपाचा तो आवाज आमच्या वस्तीपर्यंत यायचा. आमची आई म्हणायची, “उठली बघ बिचारी.”

फडात चाकाचं काही जाणवत नसे. मऊ जमिनीत जरा कमी हवेचं चाक उलट बरं चालतं, रुतत नाही. पण डांबरीला लागलं की मऊ चाक रस्त्याला पसरतं आणि ओढायला जड होतं. एका बाजूचं चाक जड म्हटल्यावर गाडी त्या अंगाला ओढते आणि तो ताण डाव्या बैलाच्या मानेवर येतो. काट्यापर्यंत नऊ-दहा किलोमीटर. पंधरा दिवसांत त्या बैलाचा खांदा सुजला.

कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसानं ट्यूब टाकीत बुडवली, बुडबुडा दिसला नाही, परत घालून दिली. “गाडी घेताना बघून घ्यायची,” हे वरून ऐकवलं. एक दिवस गेला. पुन्हा तेच. दुसऱ्यांदा नेली तेव्हा तर ‘तुम्हीच हवा सोडता, खाडा करायला,’ असं म्हणाले. ज्याला रोज तीनला उठून पंप मारायचा आहे तो स्वतः हवा सोडेल?

मी त्यांना म्हणालो, एकदा चाचांना दाखवू. चाचांचं तोवर वय झालं होतं, दुकान पोरगा बघायचा. ते गाडीजवळ आले आणि टायर उतरवायला त्यांनी पोराला मनाई केली. खाली बसून नुसतं चाकाकडं पाहिलं. मग म्हणाले, “वाल तिरका हाये.” रिमच्या भोकातून वाल सरळ यायला पाहिजे, तो एका अंगाला झुकला होता. चाचांनी खडू घेतला आणि रिमवरून टायरवर अशी एक सरळ रेघ ओढली. “उद्या खेप करून या,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खेप करून आल्यावर रेघ तुटलेली होती. रिमवरचा तुकडा एकीकडं, टायरवरचा चार बोटं पुढं. टायर रिमवर सरकत होतं आणि आत ट्यूबला ओढून नेत होतं. वाल रिमच्या भोकात अडकलेला, म्हणून त्याच्या बुडाशी रबर फाटत होतं. रिकामी ट्यूब टाकीत घातली की वाल सरळ उभा राहायचा, फट मिटायची, बुडबुडा कुठून दिसणार? चाचांनी पाण्यात वाल अंगठ्यानं एका बाजूला वाकवला. बुडाशी बुडबुड्यांची माळ लागली.

मी म्हटलं, सापडलं. चाचा म्हणाले, “थांबा. टायर सरकलं का? हवा कमी व्हती म्हनून. मंग आधी हवा कमी का झाली?” आणि ट्यूब पुन्हा वीत वीत बुडवायला लागले. अर्ध्या तासानं एक जुनं ठिगळ सापडलं, हंगामाच्या आधी वर्कशॉपमध्येच लावलेलं. त्याची एक कड उचललेली, तिथून बराच वेळ थांबलं तेव्हा एक बुडबुडा, मग पुन्हा बऱ्याच वेळानं दुसरा. न खरवडता लावलेलं ठिगळ. तिथून थोडी हवा गेली, म्हणून टायर सरकलं, म्हणून वालचं बूड फाटलं, म्हणून जास्त हवा गेली.

वालच्या बुडाला ठिगळ बसत नाही. ट्यूब बदलावीच लागते. कारखान्यात विचारलं तर अर्ज, मग साहेबाची सही, मग स्टोअर, आणि ट्यूबचे पैसे बिलातून कापणार, कारण गाडी देताना ती चांगली होती असं कागदावर होतं. नवी ट्यूब मी तालुक्याहून आणून दिली. त्यात विशेष काही नाही, ऊस माझाच होता आणि वाळत होता. टायरच्या कडा आणि रिम घासून, गंज काढून चाचांच्या पोरानं ती बसवली. त्या रात्रीपासून पंपाचा आवाज आला नाही.

पण बैलाचा खांदा तोवर फुटला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण तूप-हळद लावून खांदमळणी करतो तोच खांदा. जनावरांच्या डॉक्टरनं जू ठेवायला मनाई केली. हंगामाचे अडीच महिने बाकी. एक बैल बसवून दुसरा कुठून आणायचा? त्यानं तो बैल राहुरीकडच्या बाजारात निम्म्यापेक्षा कमी किमतीत विकला, जोडी मोडली म्हणून दुसराही विकावा लागला. टायरगाडी परत केली. गाडीचं भाडं मात्र पूर्ण कापलं गेलं. राहिलेला हंगाम दोघं डोकी सेंटरला गेले. ती बाई शिडीवरून डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढताना मी पाहिली आहे. उचल फिटली नाही. शिल्लक राहिली ती पुढच्या सालावर चढवली आणि पुढच्या साली ते कुठल्या कारखान्याला गेले ते कळलं नाही.

कारखान्याच्या त्या वर्षीच्या अहवालात ऊस किती गाळला, उतारा किती, सगळं छापलेलं आहे. मी तो जपून ठेवलेला आहे. टायरगाड्यांच्या दुरुस्तीवर झालेला खर्च एका ओळीत आहे.

पुढं ट्रॅक्टर आले आणि ऊस दोन-दोन ट्रॉल्यांनी जायला लागला. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात आम्ही हवेबरोबर पाणीही भरतो, वजन यावं आणि चाक नुसतं जागेवर फिरू नये म्हणून. वाल वर घ्यायचा, पिन काढायची आणि वालपर्यंत येईल तेवढंच पाणी भरायचं. म्हणजे साधारण पाऊण चाक भरतं. वरचा पाव भाग हवेला. या चाकाची एक सोय आहे. हळू गळती लागली की सकाळी चाकाखाली जमीन ओली दिसते, लपत नाही. हवा बघताना मात्र वाल वरच पाहिजे, नाहीतर पिन दाबली की तोंडावर फवारा. आणि पाण्यानं रिम आतून गंजते, ते दोन-तीन वर्षांनी बघावं लागतं.

चाचांच्या नंतर पोरानं दुकान बंद करून रिक्षा घेतली. हायवेला केरळकडच्या माणसाचं दुकान आहे. महाराष्ट्रभर रस्त्यांवर ही माणसं आहेत, रबराच्या मुलखातून आलेली. तो मराठी चांगलं बोलतो, पण ट्यूबशी बोलताना मल्याळम. आता बहुतेक गाड्या ट्यूबलेस. पिंप जाऊन साबणाच्या पाण्याची बाटली आली. टायर आणि रिमच्या कडेत गंज किंवा चिखल बसला तरी हवा झिरपते, म्हणून तो आधी कडेला पाणी मारतो, मग वालला, मग नक्षीला. खिळा दिसला की उपटत नाही. सगळं सामान हाताशी आल्यावरच उपटतो आणि लगेच रबराची वात घुसवतो.

परवा नातू मोटारसायकल घेऊन गेला होता. आठवड्याला चार-पाच पौंड हवा जाते अशी तक्रार. तसं रबरातून थोडी हवा आपोआप मुरतेच, चांगल्या मोटारीच्या चाकातूनही महिन्याला पौंडभर जाते, पण आठवड्याला पाच म्हणजे कुठंतरी वाट आहे. त्यानं बाटली मारली, सगळीकडं बघितलं, काही दिसेना. नातू म्हणाला, “राहू द्या काका, भरत राहीन हवा.” तो माणूस काही बोलला नाही. मोटारसायकल स्टँडवर चढवली, चाकावरचं पाणी फडक्यानं पुसलं, पुन्हा साबण मारला आणि स्टूल ओढून चाकासमोर बसला. आम्हीही बसलो. पंधरा मिनिटांनी वालच्या बुडाशी मोहरीएवढा एक बुडबुडा आला.